एकुलतं एक केस्ट्रेल: ४००० अश्वशक्तीचा लोको मागे का पडला?

प्रश्न सांगलीच्या एका मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: ब्रिटनमध्ये १९६७ साली ‘केस्ट्रेल’ नावाचा ४००० अश्वशक्तीचा डिझेल लोको तयार झाला. एवढी ताकद एकाच इंजिनातून देणारा दुसरा लोको तेव्हा त्या देशात नव्हता. तरी तो एकच बनला आणि चार वर्षांत सोव्हिएत रशियाला विकला गेला. डिझाइन फसलं होतं का? नसेल, तर त्याला कशाने मागे टाकलं? आणि आपल्याकडे ४००० अश्वशक्ती यायला पुढची तीस वर्षं का लागली?

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. बाहेरचे लोक अख्ख्या गाडीला इंजिन म्हणतात. शेडमध्ये आम्ही गाडीला ‘लोको’ म्हणतो आणि तिच्या पोटातल्या डिझेलला ‘इंजिन’. खाली सगळीकडे तसंच धरा, नाहीतर अर्ध्या वाटेत गोंधळ होईल.

केस्ट्रेल फसला नव्हता. ज्या कामासाठी तो बनवला, ते त्याने करून दाखवलं. त्याला आडवा आला तो रूळ, आणि रुळाचा हिशोब आधी करून मग बनवलेली एक गाडी त्याच्या पुढे निघून गेली. हे नीट कळायला लोकोच्या पोटात आणि चाकाखाली, दोन्हीकडे डोकवावं लागतं. माझी नोकरी डिझेल शेडमध्ये गेली, बहुतेक काळ डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या डिझेल लोकोच्या सहवासात. केस्ट्रेल मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण त्याचं दुखणं मला परकं वाटत नाही.

इंग्लंडात लफबरो गावी ब्रश कंपनीचा फाल्कन वर्क्स नावाचा कारखाना. ही कंपनी १९५७ पासून हॉकर सिडली या मोठ्या उद्योगसमूहात होती, म्हणून केस्ट्रेलचा नंबर एचएस४०००: मालकाची आद्याक्षरं आणि अश्वशक्ती. कारखान्याचं नाव ससाण्याचं, तेव्हा प्रायोगिक लोकोंनाही शिकारी पक्ष्यांची नावं देण्याची त्यांना हौस. १९६१ चा ‘फाल्कन’ हाही एकच बनलेला: १४०० अश्वशक्तीची दोन मायबाख इंजिनं, एकूण २८००. त्याशिवाय एका जुन्या, रेल्वेने काढून टाकलेल्या लोकोला ‘हॉक’ नाव देऊन त्यांनी कार्बनचे ब्रश नसलेल्या एसी मोटरींचे प्रयोग केले. साठच्या दशकात! त्या मोटरी ताब्यात ठेवायला लागणारी इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा बाल्यावस्थेत होती, म्हणून ते प्रकरण तिथेच राहिलं. हॉक लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

ब्रिटिश रेल्वेचा नेहमीचा जड लोको म्हणजे क्लास ४७. तोही मुख्यतः ब्रशनेच बनवलेला, एकूण ५१२. त्यात सुल्झरचं १२ सिलिंडरचं इंजिन, आधी २७५० अश्वशक्तीचं, पण कुरकुर सुरू झाल्यावर २५८० वर उतरवलेलं. हा घोडा दमला की पुढे काय, असा प्रश्न कंपनीपुढे होता. परदेशी गिऱ्हाइकांनाही काहीतरी दाखवायचं होतं. म्हणून रेल्वेने न मागता, स्वतःच्या पैशाने, कंपनीने केस्ट्रेल बांधला. त्यात सुल्झरचं १६ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन, मॉडेल १६एलव्हीए२४, मिनिटाला ११०० फेऱ्यांवर ४००० अश्वशक्ती. वेग ताशी १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर, धरलेला. वर पिवळा आणि खाली चॉकलेटी रंग. जानेवारी १९६८ मध्ये लंडनच्या मेरिलबोन स्टेशनावर तो समारंभपूर्वक रेल्वेच्या हाती चाचण्यांसाठी दिला गेला. मालकी मात्र कंपनीचीच.

आता विजेचं. तुमच्या पुस्तकात डिझेल-इलेक्ट्रिकचं तत्त्व अर्ध्या पानात उरकलेलं असतं: इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर मोटरींना वीज देतो, मोटरी चाकं फिरवतात. खरी मेख जनरेटरमध्ये आहे. जुन्या लोकोंत, आपल्या मूळच्या डब्ल्यूडीएम-२ मध्येसुद्धा, डीसी जनरेटर असायचा. डीसी म्हटलं की कम्युटेटर आला: तांब्याच्या शेकडो पट्ट्या, मधे मायका, वर घासणारे कार्बनचे ब्रश. ताकद वाढवायची तर कम्युटेटर मोठा करावा लागतो. मोठा केला की त्याच्या परिघाचा वेग वाढतो, दोन पट्ट्यांमधला विजेचा दाब वाढतो, आणि एका मर्यादेनंतर ब्रशखाली ठिणग्यांची माळ लागते. या वेगाच्या इंजिनावर तीन हजार अश्वशक्तीच्या अलीकडे-पलीकडेच ती मर्यादा येऊन भिडते.

ही मर्यादा पाठ करून समजत नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत पावसाळ्यात एक लोको ‘पॉवर घेत नाही’ म्हणून शेडला आला. ड्रायव्हरची तक्रार: आठव्या नॉचला (ताकदीच्या दांड्याच्या शेवटच्या पायरीला) ग्राउंड रिले, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, पुन्हा पुन्हा पडतो. जनरेटरचं झाकण काढलं तर आत काजळी. ब्रशहोल्डरचा कोपरा वितळलेला, कम्युटेटरवर एका बाजूला भाजल्याच्या खुणा. कार्बनची बारीक भुकटी आणि ओल यांनी मिळून विजेला वाट करून दिली होती. याला आमच्याकडे ‘फ्लॅश मारला’ म्हणतात. आमचे चार्जमन काही बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढला, एका पट्टीवरून फिरवला आणि काळा झालेला तो रुमाल माझ्या हातात दिला. पुढची दोन वर्षं मी झाकण उघडलं की आधी रुमाल काढायचो.

केस्ट्रेलमध्ये हा जनरेटरचा कम्युटेटरच नव्हता. इंजिनावर तीन फेजचा एसी अल्टरनेटर बसवला, त्यातून निघणारी वीज सिलिकॉन डायोडच्या रेक्टिफायरने डीसी केली आणि सहा डीसी मोटरींना दिली. अल्टरनेटरमध्ये जड विद्युतप्रवाह स्थिर भागातून निघतो. फिरत्या भागाला फक्त थोडंसं उत्तेजन लागतं, ते सरकत्या कड्यांवरून देता येतं. त्यामुळे ४००० अश्वशक्तीला हरकत उरली नाही. मोठे, भरवशाचे सिलिकॉन डायोड बाजारात आले म्हणून हे जमलं. अमेरिकेत जनरल मोटर्स आणि आल्को यांनीही १९६५ च्या सुमारास हेच केलं होतं. तेव्हा केस्ट्रेल म्हणजे काही आभाळातून पडलेला चमत्कार नव्हता. काळाच्या बरोबर चाललेलं, चांगलं केलेलं काम होतं. आपल्याकडेही पुढे डब्ल्यूडीएम-२ च्या सुधारित पिढीत अल्टरनेटर आला, आणि शेडमध्ये जनरेटरच्या कार्बन भुकटीचं एक मोठं दुखणं गेलं. मोटरींचे कम्युटेटर मात्र तसेच राहिले, केस्ट्रेलमध्येही आणि आपल्याकडेही.

इथपर्यंत सगळं ठीक. आता चाकाखाली या.

केस्ट्रेलचं वजन १३३ ब्रिटिश टन, म्हणजे आपल्या मापाने सुमारे १३५ टन. अॅक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्यांचे आस, सहा. भागाकार करा: दर अॅक्सलला २२.५ टन. ब्रिटिश रेल्वेचे रूळ सांभाळणारे अभियंते मोठ्या वेगासाठी २० टनांच्या आसपासचा भार मनात धरून होते. इथेच माशी शिंकली.

आमच्याकडे एक पीडब्ल्यूआय होते, रुळांच्या देखभालीचे मुकादम म्हणा हवं तर, पण मुकादमापेक्षा खूप मोठी जबाबदारी असलेले. शेडमध्ये आले की चहा घेता घेता म्हणायचे, “तुमचा लोको माझा रूळ खातो.” आम्ही हसायचो. एकदा त्यांनी मला एका फिशप्लेटच्या जोडाशी, म्हणजे दोन रुळांची टोकं पट्ट्यांनी जोडतात तिथे, नेऊन उभं केलं आणि गाडी जाऊ दिली. जोडापाशी रूळ किंचित खचलेला असतो. चाक तिथे आलं की ते उतारावरून घसरल्यासारखं पुढच्या रुळाच्या टोकावर आदळतं. डब्यांच्या चाकांचा टक्-टक् आवाज होता. लोकोची चाकं गेली तेव्हा पायाखालची खडी हलली. मी त्या दिवसानंतर हसलो नाही.

त्या आदळण्यात दोन गोष्टींचा वाटा असतो. एक वेग. दुसरी म्हणजे स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन: चाक, अॅक्सल, गिअर, आणि मोटर अॅक्सलवर टेकवलेली असेल तर तिचंही जवळपास अर्धं वजन. स्प्रिंगच्या वरचं वजन हळूहळू, दाबाने उतरतं. स्प्रिंगखालचं वजन हातोड्यासारखं बसतं. डर्बीच्या रेल्वे संशोधन केंद्राने त्या काळात खचलेल्या जोडावरच्या या धक्क्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी धक्क्याचे दोन भाग केले: एक क्षणार्धातला टोकदार, जो रुळाचं टोक चेचतो, आणि दुसरा त्यामागून येणारा संथ पण जड, जो स्लीपर आणि खडीपर्यंत पोचतो. रुळाची देखभाल किती महाग पडणार हे दुसऱ्यावरून ठरतं.

वेळही वाईट होती. ५ नोव्हेंबर १९६७ ला लंडनजवळ हिदर ग्रीनला जोडापाशी रुळाचा तुकडा निघून गाडी घसरली आणि ४९ माणसं गेली. त्या अपघाताचा केस्ट्रेलशी काहीही संबंध नाही. ती गाडी वेगळीच होती. पण जोडाच्या नावाने सगळ्या खात्याचे कान टवकारलेले असताना, तीन महिन्यांच्या आत, कोणीतरी दर अॅक्सलला २२.५ टन घेऊन ताशी १२५ मैल धावायची भाषा करत दारात उभं राहिलं. रुळाच्या अभियंत्याच्या जागी मी असतो तर मीही नको म्हटलं असतं.

मग केस्ट्रेलला कोळशाला जुंपलं. शायरब्रुकहून व्हाइटमूरच्या यार्डापर्यंत कोळशाच्या गाड्या. दोन हजार टनांची चाचणीही त्याने ओढून दाखवली. वर्तमानपत्रांना हे फार आवडलं असणार. पण मालगाडीला ४००० अश्वशक्तीचा उपयोग किती, हे तुम्ही कागदावर काढून बघा. इंजिनाची ताकद रुळापर्यंत येईतो पंखे, कॉम्प्रेसर, विजेची गळती यांत वीस टक्के जाते असं धरू. उरले ३२०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २४०० किलोवॅट. ताशी ४० किलोमीटरला त्यातून २२ टनांची ओढ मिळते. चाक न घसरता रुळाला किती धरेल? वजनाचा पाचवा हिस्सा धरला तर १३५ टनांचा २७ टन. ताशी साधारण ३३ किलोमीटरच्या खाली आलात की ताकद जास्त आणि पकड कमी. चाकं गरगर फिरतील, गाडी हलणार नाही. गाडी जागेवरून उचलताना केस्ट्रेल क्लास ४७ पेक्षा जास्त काय देणार? वजनाच्या प्रमाणात, बारा-पंधरा टक्के. अश्वशक्ती मात्र दीडपटीहून जास्त. ती दिसते ती वेगात, आणि वेग तर रुळाने अडवलेला.

म्हणजे ताकदीला जिथे वाव होता तिथे वजन आडवं येत होतं, आणि वजनाला जिथे किंमत होती तिथे ताकदीचं काही काम नव्हतं. मी तरुण अभियंत्यांना हे उदाहरण मुद्दाम देतो, कारण कॅटलॉगात अश्वशक्तीचा आकडा सगळ्यात मोठ्या टाइपात छापलेला असतो.

१९६९ मध्ये कंपनीने बोगी (इथे डबा नव्हे, लोकोखालची चाकांची चौकट) बदलल्या. क्लास ४७ च्या बोगी लावून वजन १२६ ब्रिटिश टनांवर आणलं, म्हणजे आपले १२८ टन, दर अॅक्सलला २१ च्या थोडं वर. तेवढ्यावर त्या वर्षाच्या अखेरीस केस्ट्रेल लंडनच्या किंग्ज क्रॉस ते न्यूकॅसल मार्गावर प्रवासी गाड्यांना लागला. तिथे त्याची गाठ डेल्टिकशी पडली, आणि इथे मला जरा थांबू द्या, कारण केस्ट्रेलच्या गोष्टीत लोक डेल्टिकला विसरतात.

डेल्टिक १९६१-६२ चा. इंग्लिश इलेक्ट्रिकने बनवलेले २२ लोको. प्रत्येकात नेपियरची दोन इंजिनं, प्रत्येक इंजिनाला १८ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन. म्हणजे एका लोकोत ७२ पिस्टन! देखभाल करणाऱ्यांनी कपाळाला हात लावावा असं यंत्र. पण ३३०० अश्वशक्ती आणि वजन ९९ ब्रिटिश टन, म्हणजे १०० टनांच्या जरा वर. दर टनाला जवळजवळ ३३ अश्वशक्ती. केस्ट्रेलची किती? ३० पेक्षा थोडी कमी. सहा वर्षं आधीचा लोको टनामागे जास्त ताकद देत होता, आणि अॅक्सलवर १७ टनही टाकत नव्हता. डेल्टिकचा सुद्धा मूळ नमुना १९५५ चा, निळ्या रंगाचा, एकच. त्याला २२ भावंडं मिळाली, केस्ट्रेलला नाही. दोघांत खरा फरक काय, तर डेल्टिकचं इंजिन जहाजी, महागडं, नाजूक पण हलकं, आणि केस्ट्रेलचं दणकट, साधं पण भारी. शेडमध्ये मला विचाराल तर मी केस्ट्रेलचं इंजिन मागेन. रुळाने डेल्टिक मागितला.

आणि शेडमध्येही केस्ट्रेलला कोणी जीव लावला असता असं नाही. एकुलत्या एका लोकोचं दुखणं वेगळंच असतं. भांडारात त्याचा सुटा भाग नसतो. फिटरला त्याची सवय नसते. ड्रायव्हर थोडे, तेही शिकवून तयार केलेले. तो बंद पडला की ‘पुन्हा तोच’ म्हणून बाजूला ढकलतात. ब्रिटिश रेल्वेने याच कुळातलं १२ सिलिंडरचं सुल्झर पाच क्लास ४७ सारख्या लोकोंत, क्लास ४८ म्हणून, वापरून पाहिलं होतं. १९७१ पर्यंत ती पाचही इंजिनं काढून नेहमीची बसवली. इंजिन वाईट नव्हतं. फ्रान्सने त्याच कुळातलं इंजिन आपल्या एका लोको मालिकेत वापरलं. पण ५१२ लोकोंच्या कळपात पाच वेगळे हा देखभालीच्या हिशोबात निव्वळ त्रास. आपल्याकडे डब्ल्यूडीएम-४ चं काय झालं आठवा: जनरल मोटर्सचे ७२ लोको आले, उत्तम होते, जुने ड्रायव्हर अजून त्यांच्या आठवणीने हळवे होतात, पण हजारोंनी वाढला तो आल्कोचा वंश, कारण तो बनारसला बनत होता.

ज्याला जास्त ताकद हवी होती त्याच्यासाठी सोपा उपायही होता: दोन लोको जोडायचे. १९७० पासून क्रू ते ग्लासगो गाड्यांना २७०० अश्वशक्तीचे दोन क्लास ५० एकत्र लागू लागले. ५४०० अश्वशक्ती, प्रत्येक अॅक्सलवर भार कमी, आणि एक बंद पडला तरी गाडी रस्त्यात अडकत नाही. आमच्याकडे जड मालगाडीला दोन डब्ल्यूडीएम-२ जोडून पाठवणं म्हणजे रोजची भाकरी. पुढचा ड्रायव्हर नॉच घेतो, मागचा लोको तारेवरून ऐकतो. त्यात शान नाही, डिझेलही जास्त जातं. पण रात्री दोन वाजता कंट्रोलचा, म्हणजे गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कक्षाचा, फोन येत नाही, याची किंमत तो फोन घेणाऱ्याला विचारा. शिवाय त्या मार्गावर खांब उभे राहत होते. युस्टनहून मँचेस्टर-लिव्हरपूलपर्यंत वीज १९६६ सालीच आली होती, ग्लासगोपर्यंत १९७४ ला पोचली, आणि ५००० अश्वशक्तीचे क्लास ८७ धावू लागले. तारेखालच्या लोकोला इंजिन, तेल, रेडिएटर काहीच उचलून न्यावं लागत नाही. तिथे डिझेलने स्पर्धा करायचीच नसते.

राहिले बिनविजेचे मार्ग. तिथे एचएसटी, म्हणजे ‘हाय स्पीड ट्रेन’, आली, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ती आहे.

१९७० च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेत टेरी मिलर या मुख्य अभियंत्याने एचएसटीचा आग्रह धरला. नियम उलट्या बाजूने मांडला गेला: ताशी १२५ मैलांनी जाणाऱ्या नव्या गाडीने रुळावर जो धक्का द्यायचा, तो ताशी १०० मैलांनी जाणाऱ्या डेल्टिकपेक्षा जास्त असता कामा नये. आधी रुळाची परवानगी, मग लोकोचं चित्र. हे एकदा धरलं की बाकीचं आपोआप येतं. एकच जड लोको बाद. त्याऐवजी गाडीच्या दोन्ही टोकांना दोन हलक्या पॉवर कार (गाडीलाच जोडलेले इंजिनाचे डबे), प्रत्येकी ७० टन, चार अॅक्सल, दर अॅक्सलला १७.५ टन. प्रत्येकीत पॅक्समनचं व्हॅलेंटा इंजिन, १२ सिलिंडर, १५०० फेऱ्या, २२५० अश्वशक्ती. दोन्ही मिळून ४५००, म्हणजे केस्ट्रेलपेक्षा ५०० जास्तच. मोटरी अॅक्सलवर न टेकवता बोगीच्या चौकटीत बसवल्या, म्हणजे त्यांचं वजन स्प्रिंगच्या वर गेलं आणि हातोडा हलका झाला. शेवटच्या स्टेशनावर लोको सुटा करून दुसऱ्या टोकाला न्यायची भानगडही संपली. नमुना गाडी १९७२ ला तयार झाली, जून १९७३ मध्ये तिने ताशी १४३ मैलांचा वेग गाठला, आणि ऑक्टोबर १९७६ पासून पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे ती रोज ताशी १२५ मैलांनी धावू लागली. उत्पादन झालेल्या पॉवर कार १९७.

आता गंमत बघा. त्या पॉवर कारमध्ये अल्टरनेटर कोणाचा? ब्रशचा. ट्रॅक्शन मोटरी? ब्रशच्या. पुढच्या ३२५० अश्वशक्तीच्या क्लास ५६ मालवाहू लोकोचा अल्टरनेटर? तोही ब्रशचा. केस्ट्रेलमध्ये हात बसलेलं काम त्या कारखान्यात राहिलं, फक्त वेगळ्या पेटीत गेलं. म्हणून ‘फसलं का’ हा प्रश्न मला जरा अन्यायाचा वाटतो. लोको विकला गेला नाही, पण तो बांधताना कारखान्यातले जे हात तयार झाले त्यांची मजुरी वसूल झाली.

१९७१ ला कंपनीने केस्ट्रेल १,२७,००० पौंडांना सोव्हिएत संघाला विकला. त्या उन्हाळ्यात कार्डिफच्या गोदीतून तो जहाजावर चढला. तिथल्या रुंद रुळांसाठी बोगी बदलल्या, मॉस्कोजवळच्या प्रदर्शनात मांडला, पुढे श्चेर्बिंकाच्या वर्तुळाकार चाचणी मार्गावर फिरवला. काही काळाने सुल्झर इंजिन काढून घेतलं आणि उरलेल्या सांगाड्यात भार भरून तो रूळ-चाकाच्या प्रयोगांना वापरला गेला. ज्या प्रश्नाने इंग्लंडात त्याला अडवलं त्याच प्रश्नाच्या प्रयोगशाळेत त्याचा शेवट झाला. १९९३ मध्ये तो भंगारात गेला.

रशियन शौकिनांत एक वाद हमखास निघतो. १९७३ मध्ये कोलोम्नाच्या कारखान्याने टीईपी७० हा प्रवासी लोको काढला: ४००० अश्वशक्ती, १६ सिलिंडर, अल्टरनेटर, सहा अॅक्सल. केस्ट्रेलची नक्कल, असं काही जण ठासून सांगतात. मला ते पटत नाही. त्यातलं इंजिन कोलोम्नाच्या स्वतःच्या डी४९ कुळातलं आहे, आणि ते कुळ साठच्या दशकात तिथेच वाढलेलं. नवं इंजिन आणि लोको मिळून दोन वर्षांत नक्कल करून रुळावर येत नाहीत. बघायला घेतला असेल, मोजमापं घेतली असतील, इतकंच.

आता आपलं. डब्ल्यूडीएम-२ ची २६०० अश्वशक्ती, वजन ११२.८ टन, दर अॅक्सलला १८.८ टन. टनामागे २३ अश्वशक्ती, म्हणजे केस्ट्रेलच्या तुलनेत गरीबच. पण त्या वेळचे आपले ९० पौंडी रूळ, लाकडी आणि बिडाचे स्लीपर, दर तेरा मीटरला फिशप्लेटचा जोड, यावर २२.५ टनांचा लोको सोडायचा कुणी? ४००० अश्वशक्ती आपल्याकडे १९९९ पासून जनरल मोटर्सच्या डब्ल्यूडीजी-४ मधून आली, तीही दर अॅक्सलला २१ टन घेऊन, आणि तोवर मुख्य मार्गांवर जड रूळ, काँक्रीटचे स्लीपर आणि लांब वेल्ड केलेले रूळ आलेले होते. रूळ आधी, लोको नंतर. क्रम तोच.

डब्ल्यूडीजी-४ शेडला आला तेव्हा मला खरा धक्का दिला तो मोटरींनी. तीन फेजच्या इंडक्शन मोटरी, ना ब्रश, ना कम्युटेटर. ठरल्या दिवशी झाकण उघडून बघण्यासारखं आत काही नाहीच. चाक घसरायला लागलं की संगणक क्षणात ओढ आवरतो, त्यामुळे वजनाचा पाचवा हिस्सा नव्हे तर त्याहून बराच जास्त वाटा कामाला येतो, आणि वर केलेला तुमचा मालगाडीचा हिशोब पुन्हा नव्याने मांडावा लागतो. हे ब्रशने ‘हॉक’वर तीस-पस्तीस वर्षं आधी करून बघितलं होतं. मोटर तेव्हाही होती. तिला लगाम घालणारा इन्व्हर्टर नव्हता. माझा तो रुमाल मात्र बेकार झाला.

आणि आता डब्ल्यूडीजी-४ चीही पाळी आलीच की. कोकण रेल्वेचा पूर्ण ७४१ किलोमीटरचा मार्ग २०२२ मध्ये विजेवर गेला. बनारसचा तो डिझेल कारखाना आता विजेचे लोको बांधतो.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की केस्ट्रेल कुठे बघायला मिळेल. नाही मिळणार, त्याचा काही भाग जपलेला नाही. इंग्लंडला जायचा योग आला तर निळा डेल्टिक नमुना तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात आहे, तो बघा. एचएसटीच्या १९७२ च्या नमुना गाडीची ४१००१ ही पॉवर कारही जपून ठेवलेली आहे. तिच्या शेजारी उभे राहिलात तर नाकाकडे बघू नका, ते सगळेच बघतात. खाली वाका आणि बोगीत मोटर कुठे टेकवली आहे ते बघून घ्या.